फोम, गिलक्याची जाळी की जून भेंडी? बालवाडीत ठसे कशाचे उठवावे

वीस पोरं, एक ताई आणि जेमतेम तासभर वेळ. एवढ्यात स्पंजचं रंगकाम बसवायचं तर सगळं अडतं ते ठसा कशाचा घ्यायचा यावर. विदर्भातल्या गावात तीन गोष्टी सहज हाताशी असतात: भांडी घासायचा स्पंज म्हणजे फोम, वाळलेल्या गिलक्याची जाळी आणि जून झालेली भेंडी.

तीन-चार वर्षांच्या पोरांसाठी फोमच बरा. मुठीत मावतो, दाबला की ठसा उठतोच. हिरवी खरखरीत बाजू कापून टाका आणि ४ सेंटिमीटरचे चौकोन करा. पाण्यात भिजवून घट्ट पिळल्याशिवाय मात्र देऊ नका. कोरडा फोम रंग पिऊन बसतो, मग पोरानं जोर दिला की तो सगळा एकदम कागदावर सोडतो. पाठीमागे कपड्यांचा चिमटा लावला की बोटं कमी बरबटतात. जुन्या गादीतला फोम फुकट मिळतो म्हणून घेऊ नका. त्याचा भुगा पडतो. अजून तोंडात वस्तू घालणारं मूल असेल तर कुठलाच फोम नको, लचका तुटतो.

तिथे गिलकं कामाला येतं. वेलावरच वाळलेलं, हलवल्यावर बिया खुळखुळणारं गिलकं भिजवा, साल सोला, बिया झटका आणि ३ सेंटिमीटरच्या चकत्या करा. आडव्या कापाचा ठसा तीन भोकांच्या चाकासारखा येतो, उभ्या बाजूचा झाडाच्या सालीसारखा. खोड गिलक्यानं आणि पानं फोमनं, ही जोडी झकास जमते. जाळी कडक असते, म्हणून आधी १५ मिनिटं पाण्यात ठेवून पिळा. नाहीतर नाजूक हातांना टोचते आणि ठसाही अर्धवट उठतो.

भेंडी पाच वर्षांपुढच्यांसाठी. तिच्या आडव्या कापाचा ठसा चांदणीसारखा येतो, पण ती नेमकी धरावी लागते, सरकली की चांदणीचा फराटा होतो. कोवळी घेऊ नका, चिकट रसानं रंग पातळ होऊन पसरतो. भाजीला नको झालेली जूनच हवी. देठाकडचा ५ सेंटिमीटरचा तुकडा एका सपाट घावात कापा आणि कापलेली बाजू जुन्या कापडावर दहा मिनिटं टेकवून ठेवा.

रंग तिन्हींना एकच: दोन चमचे पोस्टर कलरला अर्धा चमचा पाणी. तो बशीत ओतू नका. ताटलीत सुती कापडाची चौपदरी घडी ठेवून तिच्यावर पसरवा. मार्चनंतरच्या उन्हात घडी बघता बघता सुकते, वरून पाण्याचा हबका मारत राहा. कागद जाड ड्रॉइंगचा हवा. वर्तमानपत्र भिजून फाटतं आणि कॅलेंडरच्या गुळगुळीत बाजूवर रंग धरत नाही.

घरचा कापूस आहे, त्याचेच बोळे का नकोत, असं कुणीतरी विचारतंच. नुसत्या बोळ्याचे तंतू रंगात चिकटून कागदावर राहतात. सुती चिंधीत बांधला तर चालतो. लाल रंग संपला म्हणून शेंदूर मात्र कधीच वापरू नका, त्यात शिसं असतं.

काम झाल्यावर फोम आणि गिलकं धुऊन उन्हात वाळवा. पावसाळ्यात ओला डब्यात गेलेला फोम दोन दिवसांत वास मारतो. भेंडीचे तुकडे खड्ड्यात पुरा, रंग लागलेले असल्यानं बकऱ्यांपुढे टाकू नका.