लाल ओकचं फ्लोअरिंग, ग्रेड 'नंबर वन कॉमन': एक हिवाळा, एक उन्हाळा वापरल्यावर

न्यू जर्सीतल्या घरात गेल्या फॉलमध्ये पाऊण इंच जाडीचं सॉलिड लाल ओक बसवलं. हीटिंगची कोरडी हवा आणि उन्हाळ्याचा दमटपणा दोन्ही त्याने सोसलं आहे. आम्ही मनापासून समाधानी आहोत, आणि ते मुख्यतः ग्रेडमुळे.

अमेरिकेत ओकच्या ठरलेल्या ग्रेड चार: क्लिअर, सिलेक्ट, नंबर वन कॉमन, नंबर टू कॉमन. क्लिअर म्हणजे पक्कं आणि कॉमन म्हणजे कच्चं, असं पुष्कळांना वाटतं. तसं अजिबात नाही. ग्रेड लाकडाच्या दिसण्याची असते. लाल ओकचा कडकपणा जांका मोजमापात १२९० च्या आसपास भरतो आणि क्लिअरचे जास्त पैसे मोजले म्हणून तो वाढत नाही. क्लिअरमध्ये रंग जवळपास एकसारखा असतो. सिलेक्टमध्ये थोडाफार फरक चालतो. नंबर वनमध्ये छोट्या गाठी, गडद रेषा, फिकट फळीला लागून तांबूस फळी असं सगळं येतं. नंबर टूमध्ये तेच भरपूर.

रोजच्या वापरात हा रंगफरकच उपयोगी पडतो. दाराजवळ बुटांच्या वाळूने ओरखडे उठले आहेत, पण ते दाखवायला मला खाली वाकावं लागतं. एका मित्राकडे क्लिअर आहे; तिथे तेवढाच ओरखडा सोफ्यावरून दिसतो. हिवाळ्यात आमच्या फळ्यांमध्ये बारीक फटी पडल्या होत्या. त्याचा ग्रेडशी संबंध नाही, तो हवेतल्या ओलाव्याचा परिणाम. ह्युमिडिफायरने आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत ठेवली आणि फटी मिटत गेल्या.

एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्या: खालच्या ग्रेडमध्ये फळ्या सरासरीने आखूड येतात. मोठ्या हॉलमध्ये सांधे जास्त दिसतात. ते खटकणार असेल तर सिलेक्ट घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. मेपल घेणार असाल तर हे चारही शब्द विसरा. तिथे फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा वेगळ्या ग्रेड आहेत.

फिनिश, म्हणजे लाकडावर लावायचा संरक्षक थर, पाण्याच्या बेसचं घेतलं तर फळ्याफळ्यांतला फरक ठळक राहतो. तेलाच्या बेसचं पिवळसर झाक आणतं आणि तो थोडा मऊ करतं. हाताएवढ्या नमुन्यावरून यातलं काही कळत नाही. आम्ही खिळे मारण्यापूर्वी बरीचशी खोकी उघडून फळ्या जमिनीवर नुसत्या पसरल्या, रंग मिसळून घेतले आणि फारच गाठीच्या होत्या त्या कपाटांखाली लावल्या. बसवलेल्या फळीची दिसण्याबद्दलची तक्रार सहसा कोणी ऐकून घेत नाही.