आईशी सात दिवसांची स्पर्धा – ॲपल वॉचचं ॲक्टिव्हिटी शेअरिंग, चार महिने वापरून

आई सांगलीला, मी पुण्यात. माझं जुनं सिरीज ६ आणि जुना आयफोन तिला दिला (वॉचला आयफोन लागतोच, अँड्रॉइडवर चालत नाही, हे आधी धरून चला) आणि तेव्हापासून फिटनेस ॲपमधल्या शेअरिंग टॅबवर आमची स्पर्धा चालू आहे. रिव्ह्यूवाले हे फीचर दोन ओळीत उरकतात, पण आईवडिलांना घड्याळ घ्यायचं असेल तर मी म्हणेन सगळ्यात आधी हेच बघा.

कारण याआधी तिला एक स्वस्तातला बँड घेऊन दिला होता. त्याच्या ॲपमध्ये फॅमिली ग्रुप केला, मी, दादा, वहिनी, दोन मावसभाऊ आणि आई, आणि रँकिंग फक्त स्टेप्सवर. आईचे गुडघे दुखतात, तिच्या रोज चारेक हजार होतात, मावसभाऊ पळणारे, त्यांच्या १४-१५ हजार, म्हणजे रोज रात्री तिला नोटिफिकेशन काय तर तुम्ही सहाव्या नंबरवर आहात. सहा जणांत सहावी! पंधरा दिवसांत बँड कपाटात, विचारलं तर म्हणे अगं चार्जिंगला लावायचं राहून जातं. फार वाईट वाटलं मला, कारण बाई रोज चालत होती, दुखऱ्या गुडघ्यांनी चालत होती.

इथे हिशोबच वेगळा. घड्याळावर रोज तीन रिंग भरायच्या असतात, मूव्ह (हालचालीत जाळलेल्या कॅलरी), एक्सरसाइज (व्यायामाची मिनिटं) आणि स्टँड (उठून हालचाल). ही स्पर्धा २०१८ ला वॉचओएस ५ (घड्याळाची सिस्टिम) सोबत आली, सात दिवसांची, आणि पॉइंट मिळतात ते रिंग किती टक्के भरली त्यावर, एका टक्क्याला एक पॉइंट, दिवसाला जास्तीत जास्त ६००. आणि टक्के ज्याच्या त्याच्या गोलचे! आईचा मूव्ह गोल २०० कॅलरी, माझा ५२०. तिने आमराईत चक्कर मारून २४० केल्या की १२० पॉइंट, मला तेवढेच हवे तर ६२४ जाळायला लागतात, म्हणजे तळजाई चढणं आलंच. स्टँड रिंगला दिवसातल्या १२ वेगवेगळ्या तासांत निदान मिनिटभर उठून हालचाल लागते, ती आईची घरकामात होऊन जाते आणि मी मीटिंगमध्ये बसून राहते. पहिल्याच आठवड्यात हरवलं तिने मला, आणि रात्री साडेनऊला फोन, "काय गं, आज बसूनच होतीस का?" तो आवाज ऐकून इतकं बरं वाटलं ना.

प्रायव्हसीचं पण मला पटलं. समोरच्याला रिंग, स्टेप्स, वर्कआउट दिसतं, आपण कुठल्या रस्त्याने चाललो तो नकाशा नाही. स्ट्राव्हा या पळण्या-सायकलिंगच्या ॲपच्या हीटमॅपवरून (लोक कुठून पळतात ते दाखवणारा नकाशा) जानेवारी २०१८ मध्ये लष्करी तळांवरच्या पळायच्या वाटा ओळखू आल्या होत्या, आणि एकटी बाई रोज पहाटे त्याच वाटेने जाते हे दिसणं सुद्धा मला तेवढंच काळजीचं वाटतं. शिवाय एखाद्या दिवशी नको असेल तर त्या माणसापुरतं हाइड करता येतं, म्यूट करता येतं.

कमी काय? स्पर्धा दोघांतच होते. ४० जणांशी शेअर करता येतं पण चौघं मिळून खेळता येत नाही, आणि दादाकडे अँड्रॉइड असल्याने तो कायमचा बाहेर. खरं तर सगळं घर मिळून एक आकडा गाठायचा, कोणी वर नाही खाली नाही, असं काहीतरी हवं होतं. आजारपणात रिंग पॉज करायची सोय यायला वॉचओएस ११ म्हणजे २०२४ उजाडलं, तेही फार उशिरा.

आणि एक, गोल आधी ठरवून टाकू नका. आईला दोन आठवडे नुसतं घालून फिरू दिलं, तिच्या नेहमीच्या दिवसाला किती होतात ते बघितलं आणि त्याच्या थोडं वर २०० ठेवलं, मगच स्पर्धेचं इन्व्हाइट पाठवलं.