सिडनीत साउथ सिडनी रॅबिटोजचा घरचा सामना

सिडनीत राहणाऱ्या किंवा तिथे पाहुणा म्हणून गेलेल्या मराठी माणसाला रग्बी लीगचा एकच सामना पाहायचा असेल, तर त्याने साउथ सिडनी रॅबिटोजच्या घरच्या सामन्याचे तिकीट काढावे, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. नियम समजायला फारसा वेळ लागत नाही: प्रत्येक बाजूला तेरा खेळाडू, सहा टॅकलच्या (म्हणजे चेंडू घेतलेल्या खेळाडूला प्रतिस्पर्ध्यांनी पकडून रोखण्याच्या) आत चेंडू जमेल तितका पुढे न्यायचा आणि ट्राय केल्यास, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवल्यास, चार गुण. मात्र लाल-हिरव्या पट्ट्यांच्या जर्सीसाठी लोक एवढा जीव का टाकतात, हे समजायचे असेल तर क्लबचा इतिहास थोडा वाचून जावे.

१७ जानेवारी १९०८ रोजी रेडफर्न या कामगारवस्तीच्या टाउन हॉलमध्ये क्लबची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ईस्टर्न सबर्ब्जला १४-१२ असे हरवून त्याने पहिलेवहिले विजेतेपद मिळवले. आजवर एकवीस विजेतेपदे झाली असून ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगमध्ये दुसऱ्या कोणत्याही क्लबने इतकी मिळवलेली नाहीत. १९७० च्या अंतिम सामन्यात मॅनली या संघाविरुद्ध पहिल्या काही मिनिटांतच कर्णधार जॉन सॅटलर यांचा जबडा मोडला, तरीही ते शेवटपर्यंत मैदानात राहिले आणि संघ २३-१२ असा जिंकला.

असा क्लब १९९९ च्या अखेरीस स्पर्धेतून चक्क वगळण्यात आला. सुपर लीग या प्रतिस्पर्धी स्पर्धेवरून झालेल्या भांडणानंतरच्या तडजोडीत संघांची संख्या चौदावर आणायचे ठरले होते आणि त्याच्या निकषांत साउथ सिडनी बसला नाही. अध्यक्ष जॉर्ज पिगिन्स न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २००० मध्ये सुमारे ८०,००० लोक क्लबसाठी सिडनीच्या रस्त्यावर उतरले. जुलै २००१ मध्ये अपिलाचा निकाल क्लबच्या बाजूने लागला आणि २००२ च्या हंगामात संघ परतला. पुढे ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तो निकाल फिरवला, पण तोवर क्लब खेळू लागला होता. माझ्या मते क्लबची खरी कमाई हीच आहे.

या लढ्यासाठी पैसे उभे करताना झालेल्या लिलावात अभिनेते रसेल क्रो यांनी १९०८ च्या पहिल्या सामन्यातील पितळी घंटा ४२,००० डॉलरना घेऊन क्लबला दिली. घरच्या सामन्याआधी घंटा वाजवण्याची प्रथा आहे. ती चुकवू नये.

उणीव आहे ती मैदानाची. २००६ पासून घरचे सामने ऑलिंपिक पार्कच्या स्टेडियमवर होऊ लागले. ते रेडफर्नपासून दूर आहे आणि ८०,००० हून अधिक आसनांच्या त्या वास्तूत साध्या सामन्याला रिकाम्या रांगाच डोळ्यांत भरतात. २०१४ च्या अंतिम सामन्यात मात्र तेच स्टेडियम तुडुंब भरले होते: पहिल्याच टॅकलमध्ये गालाचे हाड मोडूनही साउथ सिडनीचा सॅम बर्जेस खेळत राहिला आणि बुलडॉग्ज या संघाला ३०-६ असे हरवून त्रेचाळीस वर्षांनी विजेतेपद परत आले.

त्यामुळे सामना निवडूनच जावे. गुड फ्रायडेचा बुलडॉग्जविरुद्धचा सामना उत्तम, कारण त्या दिवशी गर्दी चांगली असते. त्याचे तिकीट मिळाले नाही, तर रूस्टर्सविरुद्धचा पाहावा; १९०८ मध्ये हरलेला ईस्टर्न सबर्ब्ज तो हाच.