एफपी४ प्लस: विदर्भातल्या तीन ऋतूंतला वापर

कडक उन्हाळा, पावसाळा आणि कापूस वेचणीचा हंगाम, असे तिन्ही काळ इल्फर्डची १२५ आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील) एफपी४ प्लस ही कृष्णधवल फिल्म (३५ मिमी) वावरात आणि ओसरीत चेहरे टिपायला वापरली. इथल्या उन्हात पोर्ट्रेटसाठी ४०० च्या फिल्मपेक्षा हीच घ्यावी. मात्र निकाल चांगला की वाईट, हे बरंचसं धुलाईच्या पाण्यावर ठरतं.

उन्हात हिचं एक्स्पोजर १/१२५ सेकंद शटरला एफ/१६ (एफ म्हणजे लेन्सचं छिद्र, आकडा लहान तितकं ते मोठं). पेंटॅक्स के१००० सारख्या कॅमेऱ्याचं शटर १/१००० च्या पुढे जात नाही, म्हणजे एफ/५.६ मिळतं. पिवळा फिल्टर (८ नंबर) एक स्टॉप (म्हणजे निम्मा उजेड) खातो, मग एफ/४. मागची पऱ्हाटी छान पुसट होते. ४०० ची फिल्म असली की फिल्टर लावूनही एफ/८ च्या आसपास अडकायला होतं. आकाश गडद करायचा मोह झाला तरी बायांच्या फोटोला नारिंगी किंवा लाल फिल्टर लावू नका: कपाळावरचं कुंकू फिकं पडून कातडीत मिसळून जातं.

रापलेला चेहरा आणि वर पांढरी टोपी ही इथली नेहमीची अडचण. मीटरचा आयएसओ १२५ ऐवजी ६४ वर ठेवा, चेहऱ्यावर जो उजेड आहे त्याच उजेडात तळहातावर मीटर धरून मोजा, एक स्टॉप उघडा आणि डेव्हलपिंगची (फिल्म रसायनात ठेवून चित्र उमटवण्याची) वेळ १५-२० टक्के कमी करा. टोपीची शिवण दिसते आणि डोळेही काळे पडत नाहीत. काळी माती खालून उजेड परतवत नाही, त्यामुळे दुपारी डोळ्यांच्या खोबणी भरतच नाहीत. माणसाला ओसरीच्या कडेला, तोंड बाहेर करून बसवा. वेचणीच्या दिवसांत कापसाच्या ढिगाशेजारी बसवलं तर त्याहून सुंदर रिफ्लेक्टर नाही. निंबाखाली मात्र नको, गालावर कवडसे पडतात.

आता पाणी. आयडी-११ डेव्हलपर, १+१ (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी), २० अंशांवर ११ मिनिटं, असं कोष्टक सांगतं. मे महिन्यात टाकीचं पाणी ३५ च्या वर असतं, तिथे २० चा हट्ट धरू नका. २४ वर साधारण पावणेआठ मिनिटं. वर सांगितलेली कपात धरली तर साडेसहा. त्याहून गरम पाण्यात वेळ पाच मिनिटांखाली उतरते आणि डेव्हलपिंग डागाळतं. कोरड्या हवेत माठाचं पाणी २५ च्या आसपास येतं, पुढचं काम बर्फाची पिशवी करते. रसायनांच्या बाटल्या कूलरच्या टाकीत उभ्या ठेवल्या की तापमान टिकतं. पावसाळ्यात हवा दमट, मग माठही गार करत नाही आणि कूलरही. तेव्हा बर्फच लागतो.

फिक्सरनंतर (चित्र पक्कं करणाऱ्या रसायनानंतर) थेट टाकीच्या नळाखाली फिल्म धरणं ही सगळ्यांत महागडी चूक. फिल्मवरचं फुगलेलं जिलेटीन एकदम तापलं की त्याला बारीक सुरकुत्या पडतात आणि त्या कधीच जात नाहीत. डेव्हलपरपासून शेवटच्या पाण्यापर्यंत दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक नको. धुवायला वाहतं पाणी लागत नाही: डेव्हलपिंगचा टँक भरून पाच वेळा उलटा, पाणी बदला, मग दहा, मग वीस. टंचाईच्या दिवसांत ही पद्धत फारच सोयीची. बोअरचं पाणी जड, वाळल्यावर फिल्मवर पांढरे ठिपके उरतात. म्हणून शेवटची बुडवणी बॅटरीच्या दुकानातल्या डिस्टिल्ड पाण्यात, लिटरला ५ मिली इल्फोटॉल (पाणी सारखं निथळवणारा द्रव) घालून. बोटांनी निपटू नका, ओलं जिलेटीन लगेच ओरखडतं. वाळेपर्यंत कूलर बंद ठेवा, नाहीतर धूळ चिकटते.

प्रिंटसाठी मल्टिग्रेड आरसी कागद (प्लास्टिकचा थर असलेला, कॉन्ट्रास्ट बदलता येणारा), डेव्हलपर १+९, २० अंशांवर एक मिनिट. ट्रे तापला की चित्र वीस-तीस सेकंदांत येतं आणि काळा रंग मळकट राहतो. या निगेटिव्ह २ किंवा २½ ग्रेडवर (म्हणजे मध्यम कॉन्ट्रास्टवर) नीट बसतात. एन्लार्जरला (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राला) स्टॅबिलायझर हवाच. शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतो, बल्ब मंद आणि तांबूस होतो. त्याने एक्स्पोजर कमी पडतं आणि मल्टिग्रेडचा कॉन्ट्रास्टही उतरतो. मग संध्याकाळची टेस्ट स्ट्रिप (एक्स्पोजर ठरवायची चाचणीपट्टी) रात्री उपयोगाची नाही. ज्या आठवड्यात पंपांची वीज रात्रीची असते, त्या आठवड्यात खिडक्या काळ्या कापडाने बंद करून पहाटे उजाडल्यावर प्रिंट काढा.