नव्या सागरी टाकीतील शेवाळ: गोगलगाई, जीएफओ की रिफ्युजियम?

खाऱ्या पाण्याच्या नव्या मत्स्यटाकीत अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यानंतर काही आठवड्यांतच वाळूवर जी तपकिरी साय धरते ती बहुधा डायटम या सूक्ष्म शैवालाची असते, आणि सिलिकेट संपत आले की ती आपोआप ओसरते. तिच्यासाठी काहीही विकत आणू नये. खरा निर्णय घ्यावा लागतो तो खडकांवर हिरवे, केसाळ शेवाळ वाढू लागल्यावर.

ट्रोकस किंवा सेरिथ जातीच्या गोगलगाई हा सर्वांत सोपा उपाय आहे. मात्र त्या कोवळे शेवाळ खरवडतात, लांब वाढलेल्याला सहसा तोंड लावत नाहीत, आणि खाल्लेल्यातील बरेचसे पोषण विष्ठेवाटे पुन्हा पाण्यातच येते. म्हणून आधी हाताने उपटून शेवाळ टाकीबाहेर काढावे, मग गोगलगाई सोडाव्यात.

जीएफओ, म्हणजे शेवाळाला पोसणारे फॉस्फेट शोषून घेणारे लोहाच्या ऑक्साइडचे दाणे, गोगलगाईंपेक्षा कितीतरी वेगाने काम करते, पण नव्या टाकीत हा वेगच घातक ठरतो. फॉस्फेट आणि नायट्रेट दोन्ही शून्यावर गेले की मोकळ्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्मजीव पसरण्याची शक्यता वाढते. बुडबुडे धरलेले हे चिकट, तपकिरी धागे हटवणे केसाळ शेवाळापेक्षा खूपच अवघड असते आणि त्यांच्या काही जाती खाऊन गोगलगाई मरतात. शिवाय शेवाळ स्वतःच फॉस्फेट शोषत असल्यामुळे चाचणीत शून्य दिसले तरी टाकीत फॉस्फेट येतच नाही असे नाही.

रिफ्युजियम, म्हणजे कीटोमॉर्फा हे उपयोगी शेवाळ मुद्दाम वाढवण्याचा वेगळा कप्पा, संथ असते; त्याला संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या, खालच्या दुय्यम टाकीत) जागा आणि वेगळा दिवा लागतो. परंतु वाढलेले कीटोमॉर्फा काढून टाकले की त्यातील पोषण कायमचे बाहेर जाते, आणि दिवा रात्री लावल्यास पीएच घसरणेही कमी होते.

माझे मत असे की संप असलेल्यांनी रिफ्युजियम निवडावे, तर लहान, संपविरहित टाकीसाठी उपटणे, गोगलगाई आणि नियमित पाणीबदल पुरेसे आहेत. पाणीबदलासाठी समुद्री मीठ कालवायला स्वयंपाकघरातील आरओचे पाणी मात्र चालत नाही, कारण चवीसाठी त्यात क्षार मुद्दाम राखलेले किंवा मिसळलेले असतात. डीआय (आयन काढून टाकणाऱ्या) रेझिनमधून गाळलेले, शून्य टीडीएसचे, म्हणजे विरघळलेले क्षार नसलेले पाणीच हवे. एवढे करूनही फॉस्फेट वारंवार 0.1 पीपीएमच्या वर मोजले गेले, तरच जीएफओ वापरावे, तेही सुचवलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करून.