द्राक्षबागेतलं फार्महाऊस आणि गेलेला ॲडव्हान्स

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात, म्हणजे गंगापूर धरण, सावरगाव, दिंडोरी आणि पार इगतपुरीपर्यंतच्या टापूत, फार्महाऊसच्या नावाखाली दोन जातींची फसवणूक चालते. पहिलीत फार्महाऊस मुळात नसतंच. किंवा असतं, पण ज्याने पैसे घेतले त्याचं नसतं. दुसरीत जागा खरी असते, मालकही खरा असतो, पण जाहिरातीत दाखवलेलं बरंचसं खोटं असतं. दोन्हींवर उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी हा फरक लक्षात घ्या.

पहिल्या जातीचा डाव जवळजवळ ठरलेला असतो. कुठल्यातरी खऱ्या फार्महाऊसचे फोटो उचलायचे, नावात एखादं अक्षर इकडेतिकडे करून इन्स्टाग्रामवर पान उघडायचं आणि व्हॉट्सॲप बिझनेसला तोच लोगो लावायचा. काही जण तर गुगल मॅप्सवरच्या खऱ्या जागेच्या नोंदीत 'बदल सुचवा' वापरून फोन नंबर बदलायचा प्रयत्न करतात. बदल स्वीकारला गेला, की पत्ता खरा, रिव्ह्यू खरे, नंबर तेवढा ठगाचा. म्हणून मॅप्सवरचा नंबर, जागेच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर आणि एखाद्या बुकिंग साइटवरचा नंबर असे तीन ताडून पाहावेत. जुळत नसतील तर तिथेच थांबा.

दर फार कमी ठेवला जात नाही. समजा चार खोल्यांचा बंगला शनिवारी २०,००० रुपयांना जातो, तर ठग १४,००० सांगेल. ७,००० सांगितले तर कुणालाही वास येतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. 'दुसरी पार्टी लाइनवर आहे, दहा मिनिटं होल्ड करतो' हे वाक्य ठरलेलं. निम्मा ॲडव्हान्स, ७,००० रुपये, गेला.

खरा खेळ यानंतर सुरू होतो. अर्ध्या तासाने मेसेज येतो: सिक्युरिटी डिपॉझिट ५,००० रुपये, चेक-आउटला परत. तेही भरल्यावर: 'सर, सिस्टीमला ४,९९९ हवे होते, तुम्ही ५,००० टाकले, म्हणून बुकिंग कोड तयार होत नाही. ४,९९९ टाका, आधीचे ५,००० आपोआप परत येतील.' कागदावर वाचताना हे हास्यास्पद वाटतं. पण तोवर गिऱ्हाइकाचे १२,००० अडकलेले असतात आणि माणूस ते सोडवण्यासाठी आणखी भरतो. आता बेरीज १६,९९९ झाली. ज्या बंगल्याचं पूर्ण भाडंच १४,००० होतं, त्याच्यासाठी! शेवटची पायरी 'रिफंड'ची: एक क्यूआर कोड येतो, तो स्कॅन करून पिन टाकायला सांगतात. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. स्क्रीन शेअर करायला सांगणं किंवा 'बुकिंग कन्फर्मेशन' म्हणून एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) पाठवणं ही याच पायरीची भावंडं. ती फाइल उघडली तर प्रश्न ॲडव्हान्सचा उरत नाही, सगळ्या खात्याचा होतो.

आता ओळखायचं कसं? रिव्हर्स इमेज सर्च करा, म्हणजे तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधा, हे सगळेच सांगतात. कराच. त्यात कधीकधी नाशिकचा म्हणून दाखवलेला दगडी वाडा इटलीतल्या टस्कनीचा निघतो. पण द्राक्षपट्ट्यात यापेक्षा धारदार कसोटी हाताशी आहे, ती म्हणजे बागेचं वेळापत्रक.

नाशिककडे द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, त्यातून काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, त्यावर माल येतो. वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे मे, जून, जुलैत या पट्ट्यातल्या बागेत हिरवा पाला भरपूर दिसेल, पिकलेला घड दिसणार नाही. बागलाण तालुक्यातल्या अर्ली, म्हणजे लवकर छाटणी घेतलेल्या, बागांचा माल दिवाळीच्या आसपास येतो हे खरं, पण त्या खायच्या द्राक्षांच्या बागा, आणि वाईनरींचा हा पट्टा तो नव्हे. तेव्हा जुलैच्या वीकएंडला 'ताजे घड तोडा, द्राक्षं तुडवा' असं पॅकेज कुणी विकत असेल, तर त्याला बाग माहीत नाही किंवा तुम्हाला ती माहीत नाही असं तो धरून चाललाय. पावसाळी ट्रिपच्या जाहिरातीत लगडलेल्या वेली दिसल्या, तर 'हे फोटो कुठल्या महिन्यातले?' एवढंच विचारा.

दुसरी खूण मांडवाची. नाशिकची बहुतेक द्राक्षं खायची, आणि त्यांचे वेल डोक्यावरच्या मांडवावर किंवा वाय आकाराच्या अँगलवर चढवलेले असतात. वाईनच्या बागेत तारांच्या उभ्या कुंपणासारख्या सरळ ओळी दिसतात. फोटोत मांडव आणि मजकुरात 'वाईनयार्ड स्टे' असेल तर ती लबाडी असेलच असं नाही, शेजारची बाग कुणाचीही असू शकते. पण फोनवर विचारायला चांगला धागा मिळतो: बागेत जात कोणती? छाटणी कधी घेतली? खरा मालक किंवा केअरटेकर पटकन सांगेल, 'थॉमसन आहे, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घेतली', किंवा 'शेनिन ब्लां आहे, वाईनरीला जाते'. वर या वर्षी डावणी रोगाने कसा पिच्छा पुरवला तेही ऐकवेल, न विचारता. ठग मात्र 'सर, सगळ्या टाइपची द्राक्षं आहेत' म्हणतो आणि पुन्हा ॲडव्हान्सवर येतो.

त्यानंतर व्हिडिओ कॉल. नुसता खोल्यांचा नको, खोल्यांचा व्हिडिओ आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला असू शकतो. फाटकापासून सुरुवात करा म्हणावं, मग पाण्याची टाकी दाखवा, मग मागचा रस्ता. 'आत्ता गेस्ट आहेत' ही सबब एकदा चालेल, तीनदा नाही. नाशिकमध्ये २०२२ पासून गुगलचा स्ट्रीट व्ह्यू आहे. जागा मोठ्या रस्त्यालगत असेल तर फाटक तिथेही ताडता येतं.

कागदांमध्ये सर्वात उपयोगाचं म्हणजे नाव. यूपीआयने पैसे पाठवताना, पिन टाकण्याआधी, खातेदाराचं नाव पडद्यावर येतं. ते वाचा. फार्महाऊस एका नावाचं आणि खातं भलत्याच राज्यातल्या भलत्याच व्यक्तीचं असेल, तर 'ते आमचे अकाउंटंट आहेत' हे उत्तर ऐकून घेऊ नका. जीएसटी मागत असतील तर नंबर घ्या. तो १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ ने होते, आणि तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंत धंद्याचा पॅन असतो. सहावं अक्षर पी असेल तर नोंदणी व्यक्तीच्या नावावर, सी असेल तर कंपनीच्या. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला की धंद्याचं नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे फुकट दिसतं. लहान फार्महाऊसकडे जीएसटी नोंदणी नसणं हा गुन्हा नाही. २० लाखांच्या आतल्या उलाढालीला ती साधारणपणे लागत नाही. पण नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावणं ही चोरीच.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. त्याखाली नोंदलेल्या केंद्राकडे पर्यटन संचालनालयाचं प्रमाणपत्र असतं, फोटो मागायला हरकत नाही. मोठ्या ग्रुपचं, लाखाच्या घरातलं बुकिंग असेल तर गट नंबर विचारून महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर सातबारा पाहा. त्यावरचं नाव आणि पैसे घेणाऱ्याचं नाव यांचा काही संबंध लागतोय का, ते कळेल. हे वीकएंडच्या दोन खोल्यांसाठी जरा अति होतं, मान्य.

पैसे कसे भरता यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. पैसे चेक-इननंतरच मालकाला देणारी बुकिंग साइट सर्वात बरी. क्रेडिट कार्डवर सेवा मिळाली नाही म्हणून चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता येतो. यूपीआयवर मात्र तुम्ही स्वतः पिन टाकलेला असतो, त्यामुळे बँकेच्या लेखी तो व्यवहार तुमच्या संमतीचा. 'तीन दिवसांत कळवलं तर बँक पैसे देते' हे जे फिरतं, ते तुमच्या नकळत झालेल्या व्यवहारांबद्दल आहे. इथे त्याच्या भरवशावर बसू नका. थेटच द्यायचे असतील तर ॲडव्हान्स एका रात्रीच्या भाड्याच्या चौथाईपर्यंत ठेवा, बाकी जागेवर पोचल्यावर. खरा मालक कुरकुर करेल, पण बहुतेकदा ऐकेल.

आता दुसरी जात. इथे पोचल्यावर कळतं की 'वाईनयार्ड व्ह्यू' म्हणजे एनए (बिगरशेती) प्लॉटवरचा बंगला, बाग दोन शेतं ओलांडून. किंवा 'नाशिक' म्हणून विकलेली जागा इगतपुरीजवळ, शहरापासून ४५ किलोमीटरवर. स्विमिंग पूल तीन बंगल्यांत मिळून एक. जनरेटर आहे, डिझेलचे पैसे वेगळे. 'बागेत मनसोक्त फिरा' असं छापलेलं, पण गोडी छाटणीनंतर सकाळी सकाळी ब्लोअरने औषध मारणं चालू असतं. तेव्हा शेतकरी आत सोडत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

'अनलिमिटेड वाईन'चं आमिष तपासून घ्या. परवान्याशिवाय दारू विकणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि साध्या फार्महाऊसकडे असा परवाना सहसा नसतो. पॅकेजमध्ये 'वाईनरीत टेस्टिंग' असेल तर कुठली वाईनरी ते विचारा आणि तिच्याच नंबरवर फोन करून आपल्या नावाचा स्लॉट आहे का पाहा. बऱ्याचदा नसतो. 'रात्रभर डीजे'ही असाच. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. पोलीस आले की डीजे बंद होतो आणि डिपॉझिट मालकाकडे राहतं.

डिपॉझिट कापायची आवडती कारणं म्हणजे चादरीवर रेड वाईनचा डाग, फुटलेला ग्लास, गीझर बिघडला. यावर औषध एकच: सामान आत ठेवण्याआधी गाद्या, चादरी, नळ, काचा यांचा सलग व्हिडिओ काढून मालकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. त्यावर वेळ नोंदली जाते. अंतर, पूल, जेवण, जनरेटर, डिपॉझिट हे सगळं बुकिंगआधी लेखी विचारा. फोनवरचं तोंडी आश्वासन नंतर उपयोगी पडत नाही.

या दुसऱ्या प्रकारात पोलीस बहुधा 'दिवाणी मामला' म्हणतील. इथे १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि जिल्हा ग्राहक आयोग कामाचे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, नाशिकला खेटे घालावे लागत नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीही नाही.

पहिल्या प्रकारात मात्र घड्याळ महत्त्वाचं. कळल्या क्षणी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, मग सायबरक्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार, मग बँक. ठगाशी भांडत बसलात तर तेवढ्या वेळात पैसे दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात जाऊन एटीएममधून निघतात. एकदा रोख झाले की गोठवायला काही उरत नाही. हाताशी ठेवा: व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर नंबर, तारीख-वेळ, रक्कम, समोरचा यूपीआय आयडी, नंबर, चॅटचे स्क्रीनशॉट. चॅट खोडू नका आणि तक्रार नोंदेपर्यंत त्या नंबरला ब्लॉकही करू नका. एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात शून्य नंबरने नोंदवता येतो. कलमं लागतात ती भारतीय न्याय संहितेचं ३१८ आणि आयटी कायद्याचं ६६ डी. ज्याचे फोटो चोरले त्या खऱ्या फार्महाऊसलाही फोन करा. त्यांच्याकडे आधी फसलेल्या लोकांनी कळवलेले ठगाचे यूपीआय आयडी असू शकतात.

आणि तक्रारीचा स्क्रीनशॉट नंबरासकट सोशल मीडियावर टाकू नका. दोन दिवसांत 'सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे १६,९९९ होल्डवर आहेत, प्रोसेसिंग फी १,५०० भरा' असा फोन येतो.