कृष्णधवल आकाशासाठी निळा स्लायडर की आकाशाचा मास्क?

कृष्णधवल छायाचित्रातील आकाश गडद आणि नाट्यमय करायचे असेल, तर संपादनात मुख्यतः दोन मार्ग उरतात: ब्लॅक अँड व्हाइट मिक्समधील (मूळ रंगांपैकी प्रत्येक रंग करड्यात किती उजळ वा गडद दिसावा हे ठरवणारा विभाग) निळा स्लायडर खाली ओढणे, किंवा सॉफ्टवेअरकडून आकाशाचा मास्क (फक्त तेवढ्या भागाची निवड) करून घेऊन तेवढ्याच भागाचे एक्स्पोजर उतरवणे. मी दोन्ही मार्ग गोव्यातील छायाचित्रांवर वापरले आहेत. त्यामुळे पुढील मत इथली दमट हवा आणि इथले माड यांच्या अनुभवावर बेतलेले आहे.

मास्कची उपयुक्तता मी नाकारत नाही. पावसाळ्यात ढग शिशासारखे करडे असतात आणि त्यांत निळा रंगच नसल्यामुळे निळा स्लायडर कितीही ओढला तरी ते जागचे हलत नाहीत. अशा वेळी मास्क घेऊन कॉन्ट्रास्ट वाढवावा, हेच योग्य. मिरामारसारख्या मोकळ्या किनाऱ्यावर, जिथे क्षितिजाची रेघ सरळ असते, तिथे त्याचे काम चोख होते.

मला मास्कपासून दूर नेले ते झावळ्यांनी. रायबंदरच्या काठावरून, मांडवीपलीकडचे चोडण दिसेल असे एक छायाचित्र मी घेतले होते, आणि डाव्या बाजूला एक माड वाकलेला होता. मास्कने आकाश सुंदर उतरले, पण झावळीच्या पात्यांमधल्या फटी पांढऱ्याच राहिल्या आणि प्रत्येक पात्याला एक बारीक उजळ किनार आली. पडद्यावर ती जेमतेम जाणवत होती. १२ बाय १८ इंचांची प्रत हाती आल्यावर मात्र तिच्यावरून नजर हटेना. फटी ब्रशने एकेक भरण्यात माझी पूर्ण संध्याकाळ गेली. शिवाय आकाश काळवंडले तरी नदीचे पाणी उजळच राहिले, जणू ते दुसऱ्याच आकाशाखाली वाहत होते.

निळ्या स्लायडरमध्ये प्रत्येक पिक्सेल आपल्या रंगानुसार गडद होतो, म्हणून पात्यांमधली फट आपोआप भरते आणि निळे आकाश झेललेले पाणीही सोबत उतरते. त्याचेही दोष आहेत. तो टोकापर्यंत ओढला तर दाणे उमटतात आणि आकाशात पट्टे दिसू लागतात. त्यामुळे मी रॉ फाइलवरच (कॅमेऱ्याने टिपलेल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या माहितीवर), साधारण उणे ५० च्या आसपास थांबतो. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवरील सावलीला आकाशाचा निळा उजेड मिळत असल्याने ती सावलीही मळकट होते, तेवढी वेगळी उजळावी लागते. लाल आणि नारिंगी थोडे वाढवले, तर चिऱ्याच्या भिंती व कौले उजळून आकाश आणखी गडद भासते.

भिंगावर निळा उजेड अडवणारा लाल फिल्टर लावण्याचा जुना मार्ग आहेच. अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९२७ मध्ये कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या हाफ डोम या कड्यामागचे आकाश तसेच जवळजवळ काळे केले होते. परंतु नेहमीच्या रंगीत सेन्सरवर लाल उजेड टिपणारे बिंदू एक चतुर्थांशच असतात आणि लाल फिल्टर लावल्यावर मुख्यतः तेवढेच कामी येतात, त्यामुळे रंगीत टिपून मागाहून रूपांतर करणे मला अधिक सोयीचे वाटते.

आपली बहुतेक छायाचित्रे ऑक्टोबर ते फेब्रुवारीतली, म्हणजे निळ्या आकाशाच्या दिवसांतली असतील आणि चौकटीत माड येत असतील, तर आरंभ निळ्या स्लायडरने करावा, असे मी सुचवेन. क्षितिजाजवळचा फिकटपणा खटकलाच, तर वरून हलका ग्रेडियंट (हळूहळू विरळ होत जाणारा गडदपणा) द्यावा. रायबंदरची ती फाइल मी पुढे याच पद्धतीने पुन्हा केली, आणि आता घरातील भिंतीवर तीच प्रत लावलेली आहे.